नवरीच्या पायाखालचा ठोकळा

लग्नाचा फोटो कुणाच्या घरात नाही? बैठकीत खिळ्याला, देवाच्या कोनाड्याजवळ, नाहीतर ट्रंकेत साड्यांच्या घडीत, कुठंतरी असतोच. नवरा ताठ उभा, नवरी शेजारी मान खाली घालून, मागं रंगवलेली बाग. पाहुणा आला की आपण तो कौतुकानं काढून दाखवतो. पण वाचकहो, खरं सांगा, त्या फोटोतली नवरी कशावर उभी आहे, हे कधी विचारलंय? मीही विचारलं नव्हतं. पूर्णा स्टेशनासमोरच्या बन्सीधर फोटोवाल्याची हकीकत कळली, तेव्हापासून मात्र कुणाच्याही घरी गेलो की माझी नजर आधी फोटोच्या खालच्या कडेला जाते.

गोष्ट पंच्याऐंशी सालची. बन्सीधरचा स्टुडिओ म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. पुढं काउंटर, मधे पडदा, पडद्यामागं फोटोची जागा, आणि त्याच्याही मागं त्याचं बिऱ्हाड. दिसायला काही नाही, पण आसपासच्या तीस-चाळीस गावांतली नवी जोडपी लग्नानंतरच्या पहिल्या बाजाराला इथंच यायची. बन्सीधरच्या फोटोत जोडा जमतो, अशी ख्याती होती. तो नवऱ्याची हनुवटी दोन बोटांनी खाली करायचा, नवरीचा पदर खांद्यावर सरळ करायला तिच्याच नणंदेला सांगायचा, आणि दोघांच्या मधे सासरे रागावणार नाहीत इतकं अंतर ठेवायचा. नवरी बुटकी असली की ठोकळा. रुळाखालच्या जुन्या सागवानी स्लिपराचा तो वीतभर उंच तुकडा. रेल्वेतल्या सुतारानं रंधा मारून दिलेला. तो नवरीच्या पायाखाली सरकवायचा आणि वरून निऱ्या सोडायच्या. नवरी नवऱ्याच्या खांद्याला लागली की काम फत्ते.

बुटक्या कसल्या हो, त्यातल्या निम्म्या पोरी अजून वाढायच्या होत्या. मुलगी अठराची पाहिजे, असा कायदा होऊन सात वर्षं झाली होती. पण कायदा दिल्लीत होता आणि ठोकळा पूर्णेत. बन्सीधरला हे दिसत नव्हतं असं नाही. "आपलं काम फोटो काढायचं, पंचायत करायचं न्हाई," असं तो म्हणायचा. तुम्ही-आम्हीही आपापल्या धंद्यात असंच काहीतरी म्हणत असतो.

बन्सीधरचे थोरले भाऊ माणिकराव चुडाव्याजवळच्या गावी शेती बघायचे. वडील लवकर गेले, तेव्हा माणिकरावांनीच धाकट्याला वाढवलं, नांदेडला फोटोचं काम शिकायला ठेवलं आणि पहिला कॅमेराही त्यांनीच घेऊन दिला. दादा म्हणतील ती पूर्वदिशा, असं बन्सीधरचं होतं. त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं. माणिकरावांची लेक रुख्मिणी, तेरा वर्षांची, सातवीत शिकणारी, हाच काय तो त्याचा जीव.

त्या वर्षी संक्रांत झाल्यावर माणिकराव रुख्मिणीला घेऊन स्टुडिओत आले. पोरीला आईची जरीची साडी नेसवलेली होती.

"बन्सी, हिला शाळेच्या गॅदरिंगमदी राणीचं काम मिळालंय," माणिकराव म्हणाले. "मास्तरनं साडीतला फोटो मागितलाय, बोर्डावर लावायला. जरा मोठ्या बाईवाणी काढ."

रुख्मिणीला आनंद मावत नव्हता. "काका, राणी उंच असती का वो?"

"मंग! राणी बुटकी असून कसं चालंल?" बन्सीधरनं स्वतःच ठोकळा पुढं ओढला, तिला हात धरून वर चढवलं आणि निऱ्या नीट पसरल्या. कपाळावर मोठं कुंकू, हातात रुमाल, शेजारी फुलदाणीचं स्टूल.

रुख्मिणीनं वरून त्याच्याकडं पाहिलं आणि फिसकन हसली. "काका, हितून तुमचं टक्कल दिसायलंय."

बन्सीधरलाही इतकं हसू आलं की त्याला कॅमेरा पुन्हा लावावा लागला. फोटो मात्र झकास आला. फोटोतली बाई वीस वर्षांची वाटत होती. त्याला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं, आणि दोन प्रती काढून त्यानं भावाला दिल्या.

चैत्रात एक दिवस दुपारी पंचविशीतला एक उंच तरुण स्टुडिओत आला. अंगात रेल्वेचा खाकी शर्ट. नाव सांगितलं भगवान. गाव पोखर्णीच्या बाजूला, नोकरी खांडवा लाईनवर, एका लहानशा स्टेशनात पॉइंट्समन. गाडी बदलायला पूर्णेत उतरला होता आणि पुढच्या गाडीला दीड तास होता.

"माझं लग्न ठरलंय," तो जरा लाजत म्हणाला. "दोघांचा वेगवेगळा फोटो हाय. त्याचा एक करून मिळंल का? शेजारी शेजारी उभं असल्यावाणी?"

असे जोडफोटो बन्सीधर नेहमी करायचा. दोन फोटोंतली माणसं कात्रीनं कापायची, पुठ्ठ्यावर जोडून चिकटवायची आणि त्याचा पुन्हा फोटो काढायचा. "हो, त्यात काय," असं म्हणत त्यानं हात पुढं केला. भगवाननं स्वतःचा फोटो काउंटरवर ठेवला आणि रुमालात गुंडाळलेला दुसरा खिशातून काढून त्याच्या हातावर ठेवला.

तो फोटो रुख्मिणीचा होता. जरीची साडी, फुलदाणीचं स्टूल आणि मागं त्याच्याच स्टुडिओचा शिक्का.

"मी अजून बघितली न्हाई तिला," भगवान सांगत होता. "कुंकू लावायच्या कार्यक्रमाला सुट्टी मिळाली न्हाई. आमचे वडील, लिंबाजीराव, बघून आले. म्हणले, पोरगी अठरा पुरी हाय. माझी तेवढी एकच अट होती बगा. आमची थोरली बहीण चौदाव्या वर्षी दिली आन् पंधराव्या वर्षी बाळंतपणात गेली. मी खांदा दिला तिला. तवाच ठरवलं, लहान लेकरू घरात आणायचं न्हाई. ह्यो फोटो बघितला आन् मंग हो म्हणलो."

ही माझी पुतणी आहे, ती तेरा वर्षांची आहे, हिच्या पायाखाली मी ठोकळा सरकवलाय, एवढं सांगायला किती वेळ लागतो? पण बन्सीधरच्या डोळ्यांपुढं दादा आले. "पुढच्या खेपेला घेऊन जा," इतकंच तो म्हणाला. भगवान गेला. ज्या भावाच्या शब्दावर आपण आयुष्यभर चाललो, त्यानंच आपल्या हातून हे करून घेतलं, हे त्याला पटतच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तो चुडाव्याला उतरून भावाच्या घरी गेला. माणिकराव अंगणात मंडपाच्या मेढी मोजत होते.

"दादा, फोटो गॅदरिंगसाठी हाय म्हणला होता तुमी."

माणिकरावांनी मान वर केली नाही. "रेल्वेतला पोरगा हाय, बन्सी. पुन्हा असं स्थळ दारात येत न्हाई. पोरगी काय, चार वर्षांत आपोआप मोठी हुती."

"त्या पोराला फसवायलाव आपण. आन् रुखमीला बी."

"आपण न्हाई, तू. फोटो कुणी काढला? ठोकळा कुणाचा?" आता मात्र त्यांनी सरळ भावाकडं पाहिलं. "लिंबाजीला सगळं ठाऊक हाय, त्यालाबी सून पाहिजे. मी जबान देऊन बसलोय. तू तोंड उघडलंस, तर ह्या घरात तुजा भाऊ मेला असं समज. आन् लग्नाला येताना ठोकळा घेऊन ये. माळ पडूस्तर पोरगी त्याच्यावरच उभी पाहिजे. मंग कोण बघतंय?"

बन्सीधर आला तसा परत गेला. चांगला धडधाकट चाळिशीचा माणूस, पण भावापुढं त्याची जीभ उचलली नाही. वाचकहो, त्याला नावं ठेवण्याआधी आपण आपल्या वडीलधाऱ्यांपुढं किती वेळा बोललो, ते आठवा.

दोन दिवसांनी तो मागच्या खोलीत जोडफोटो करायला बसला. भगवानचा आकार कापून झाला होता. रुख्मिणीचा कापताना कात्री पदराशी अडखळत होती. त्याची बायको नर्मदाबाई चहा घेऊन आली आणि टेबलापाशी थबकली.

"ही आपली रुखमी न्हाई का?"

बन्सीधरनं सगळं सांगितलं. नर्मदाबाईनं चहा खाली ठेवला, भिंतीवरचा त्यांच्या लग्नाचा फोटो खिळ्यावरून काढला आणि त्याच्यापुढं ठेवला. त्यानं काढलेला हा पहिला जोडा. गिऱ्हाइकांना तो हाच नमुना म्हणून दाखवायचा.

"ह्या फोटोत मी कशावर उभी हाय, आठवतंय तुमाला?"

"पायलीवर," बन्सीधर खालच्या आवाजात म्हणाला. तेव्हा ठोकळा नव्हता. सासऱ्यांच्या अंगणात कॅमेऱ्याला टायमर लावून त्यांच्याच घरची ज्वारी मापायची लोखंडी पायली त्यानं उपडी घातली होती.

"चौदा वर्षांची होते मी. पायलीची कड पायाला रुतत होती आन् तुमी म्हणत होता, हालू नको. मला वाटलं, चांगलं दिसावं म्हणून करायलेत. पहिलं लेकरू सातव्या महिन्यात गेलं, दुसरं जल्मल्यावर घटकाभर जगलं. नर्सबाई म्हणली, पोरीच्या अंगात तिचाच जीव पुरा न्हाई, ती दुसऱ्याला कुठून देणार? मंग पुन्हा कूस उजवलीच न्हाई. लोकं मला वांझ म्हणतेत, अन् तुमी ह्यो फोटो नमुना म्हणून भिंतीला लावता."

"तू कधी बोलली न्हाईस," बन्सीधर म्हणाला.

"तुमी कधी इचारलं न्हाई. त्या दिवशी एक माणूस, निस्ता एकच माणूस, म्हणला असता की ही पोरगी लहान हाय, तर माझं येगळं झालं असतं. बाप बोलला न्हाई, भटजी बोलला न्हाई, फोटो काढणारा तर नवराच होता. आता रुखमीपाशी ह्यो एक माणूस तुमी हाव. दुसरं कुणी न्हाई."

"दादानं वाढवलंय मला, नर्मदा."

"मंग त्यांचे पाय धरा. पण पोरीचा बळी देऊन त्यांचे उपकार फेडू नका."

ती आत गेली. बन्सीधरनं कापलेली रुख्मिणी पाकिटात ठेवली, चिकटवली नाही. पण काय करायचं, तेही त्याला सुचत नव्हतं. जोडफोटो पुरा झाला नाही, असं त्यानं भगवानला कार्डानं कळवलं. बाकी एक अक्षर लिहायचं धाडस त्याला झालं नाही.

वैशाखात लग्न निघालं. मुहूर्त गोरजाचा होता. बन्सीधर कॅमेरा, स्टँड आणि पिशवीत ठोकळा घेऊन भावाच्या घरी पोहोचला. माणिकरावांनी आधी पिशवीत डोकावून पाहिलं आणि मग त्याला आतल्या खोलीत पाठवलं. "जा, नवरीला उभी कर."

रुख्मिणी हिरव्या शालूत, मुंडावळ्या बांधून एकटीच बसली होती. बाहेर बायकांचा कलकलाट चालला होता. बन्सीधरनं ठोकळा जमिनीवर ठेवला. ती उठली, त्यावर चढली आणि स्वतःच निऱ्या सारख्या केल्या. तिला सगळं पाठ झालं होतं.

"काका, शाळेतल्या बाईंला इचारलं होतं मी," ती म्हणाली. "गॅदरिंगमदी नाटक नव्हतंच. पोरी लय हसल्या मला. तुमाला ठाऊक होतं का?"

"न्हाई बाय. देवाशपथ न्हाई."

"आता ठाऊक हाय ना?"

बन्सीधरनं खाली पाहिलं. ठोकळा तर त्यानंच आता ठेवला होता.

रुख्मिणी रडत नव्हती. ती अगदी कामाचं बोलावं तसं म्हणाली, "मंग ह्यो ठोकळा मला द्या. तिकडं सासरी लागंल. आई म्हणली, मी लहान हाय हे त्यांला कळलं, तर माघारी धाडतील आन् आबाची इज्जत जाईल. मी नीट उभी राहत जाईन काका. हालणार न्हाई."

बन्सीधर खाली बसला. चाळीस वर्षांचा माणूस पुतणीच्या पायाशी बसून हुंदके देऊन रडला. ती मात्र तशीच ठोकळ्यावर उभी होती. निऱ्या विस्कटतील म्हणून तिनं खाली वाकायचंही टाळलं.

मग त्यानं डोळे पुसले. "रुखमे, चुकलो मी. माज्यासंगं भाईर येशील? मी म्हणीन तवा ठोकळ्यावरून खाली उतरायचं. उतरशील?"

तिनं थोडा विचार केला. "आबा मारतील."

"मी मधे उभा राहीन."

"बगा हां," ती म्हणाली. त्या दोन शब्दांत विश्वास थोडा आणि शंका जास्त होती.

बन्सीधर मंडपात गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "भटजीबुवा, उजेड जायलाय. माजा फ्लॅश बिघडलाय. जोडीचा फोटो आत्ता घेतो, मंग अंतरपाट धरा." लिंबाजीराव कुरकुरले, अंतरपाटाआधी नवरानवरीनं एकमेकांना बघू नये म्हणाले. पण माणिकरावांना ठोकळा आठवला; पोरगी सगळ्यांपुढं उंच दिसेल म्हणून त्यांनी हात हलवून होकार दिला. फोटोवाल्याचं लग्नात कोण ऐकत नाही?

बायकांच्या घोळक्याआडून रुख्मिणीला आणून भगवानच्या शेजारी ठोकळ्यावर उभं केलं. ती त्याच्या खांद्याला लागत होती. बायका म्हणाल्या, जोडा कसा जमलाय बघा. भगवाननं हळूच एकदा तिच्याकडं पाहिलं आणि समाधानानं समोर बघितलं. बन्सीधरनं कॅमेऱ्यातून दोघांना पाहिलं. आजवर त्यानं शेकडो जोड्या अशा उभ्या केल्या होत्या. त्यानं मान बाहेर काढली.

"रुखमे, उतर."

रुख्मिणी खाली उतरली. शालूचा घोळ जमिनीवर पसरला. तिचं डोकं भगवानच्या कोपराच्या थोडं वर आलं. बन्सीधर पुढं झाला आणि ठोकळा उचलून त्यानं मंडपाच्या मधोमध ठेवला.

"फोटोतली बाई ही आन् ह्यो ठोकळा मिळून झालेली हाय, पावणं," तो भगवानला म्हणाला. "फोटो मी काढला. ही माजी पुतणी. मी तुमाला त्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं. घाबरलो."

वाजंत्री थांबली. भगवान पोरीपुढं उकिडवा बसला. "बाळ, किती वर्षांची हाईस तू?"

"तेरा. सातवीत हाय."

भगवाननं बापाकडं पाहिलं. "आबा, तुमी म्हणला होता, अठरा पुरी." लिंबाजीराव उपरणं झटकत दुसरीकडं बघायला लागले. "ताईला पोचवायला तुमी बी होताव ना मसणात? मंग मलाच कामून फसवलंत?" त्यानं डोक्याचं बाशिंग सोडलं, ठोकळ्यावर ठेवलं आणि मंडपातून सरळ चालत रस्त्याला लागला.

माणिकराव धावून आले. त्यांचा हात रुख्मिणीवर उचललेला होता, तो बन्सीधरच्या तोंडावर बसला. दुसराही बसला. बन्सीधर मधून हटला नाही. "तुला लेकरासारखं वाढवलं रे," माणिकराव ओरडत होते. "दगा दिलास. सख्ख्या भावाला दगा दिलास!"

"दिला, दादा," बन्सीधर म्हणाला. "पण तिला देऊ शकलो न्हाई."

लग्न मोडलं. मांडवातलं जेवण तसंच राहिलं. लोक बन्सीधरला नको नको ते बोलत घरी गेले. त्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःच्या लेकींचे फोटो त्याच्याकडून त्याच ठोकळ्यावर काढून घेतले होते. माणिकरावांनी त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं. लग्न मोडलेली पोरगी डोळ्यांपुढं नको म्हणून आषाढात त्यांनी तिला गड्याबरोबर पूर्णेला पाठवून दिलं, सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. नर्मदाबाईनं तिला दारातच पोटाशी धरलं आणि पुढच्याच आठवड्यात आठवीत नाव घातलं.

बन्सीधरनं स्टुडिओवर पाटी लावली, नवरी अठरा पूर्ण असल्याचा शाळेचा दाखला आणल्याशिवाय जोडीचा फोटो काढणार नाही. गिऱ्हाईक तुटलं. लोक दुसऱ्या फोटोवाल्याकडं गेले. पण काही जण पाटी वाचून दारातूनच माघारी फिरले आणि त्यातल्या दोघा-तिघांनी लग्नही पुढं ढकललं, असं नंतर कळलं. त्याचा स्वतःचा लग्नाचा फोटो भिंतीवरून गेला तो गेलाच. ठोकळा त्यानं ठेवला, पण काउंटरवर, सगळ्यांना दिसेल असा.

वाचकहो, लहान पोरीचं लग्न एकटा बाप लावत नसतो. त्याला आपल्यासारखी बरीच माणसं हात लावतात. कुणी मुहूर्त काढतं, कुणी वाजवतं, कुणी वाढतं, आणि आपण अक्षता टाकून जेवून येतो. त्यातल्या एकानं जरी हात आखडला, तरी ठोकळा सरकतो आणि पोरगी आहे तेवढी दिसते. तो एक माणूस आपण व्हायचं की नाही, एवढंच आपल्याला ठरवायचं आहे. आणि व्हायचं असेल तर वेळेवर व्हावं. उशीर झाला तर काय होतं, ते शेवटचं सांगतो.

तीन वर्षांनी रुख्मिणी दहावीला बसली. फॉर्मला फोटो पाहिजे होता. एवढ्या वर्षांत ती काकाच्या घरात हसली, भांडली, अभ्यासाला बसली, पण कॅमेऱ्यापुढं एकदाही उभी राहिली नव्हती. काकावर तिचा जीव होता. त्यानं मार खाल्लेला तिनं पाहिला होता. तरी राणीच्या नाटकासाठी ठोकळ्यावर हात धरून कुणी चढवलं, हे ती विसरली नव्हती आणि बन्सीधरनंही तिला विसर असं कधी म्हटलं नाही.

ती स्टुलावर बसली. बन्सीधरनं दिवे लावले, कॅमेऱ्याशी गेला. फोटो फक्त चेहऱ्याचा होता, पायांचा त्यात काही संबंध नव्हता. तरी रुख्मिणी वाकली, परकराची कड वर धरली आणि दोन्ही पाय फरशीवर नीट टेकलेत का, ते बघितलं.

"काढा आता," ती म्हणाली.